एक किलोमीटरची दोरी

एक किलोमीटर लांबीची दोरी घ्या आणि वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातलं केनवड गाठा. गावातल्या शाळेच्या झेंड्याच्या खांबाला दोरीचं एक टोक बांधा, दुसरं हातात धरा, दोरी ताणा आणि शिवारातून गोल फेरी मारून या. चालणं होईल सव्वासहा किलोमीटर. आत जमीन येईल ७७६ एकर.

ही दोरी सरकारी आहे. शिक्षणहक्क कायद्याखाली महाराष्ट्रानं जे नियम केले, त्यांत पहिली ते पाचवीची शाळा पोराच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. हायस्कूलसाठी केंद्रानं २००९ साली राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान काढलं, त्यात दोरी पाच किलोमीटरची झाली. आता पुन्हा खांबापाशी या. तीनची दोरी ताणली की आत येतात ६,९८७ एकर. पाचची ताणली की १९,४०७ एकर! दोरी पाचपट झाली, जमीन पंचवीसपट. दोरी थोडी थोडी वाढत जाते आणि जमीन उड्या मारत सुटते, ही सगळी मजा तिथूनच सुरू होते.

ही एक किलोमीटरची वर्तुळं अख्ख्या महाराष्ट्रावर पसरायला घ्या. राज्याचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. एका वर्तुळात ३.१४ चौरस किलोमीटर. भागाकार येतो सुमारे ९८ हजार. पण गोल गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की मधे फटी राहतात, हे भाकऱ्या टोपलीत मांडणारं कुणीही सांगेल. फटी झाकायच्या तर वर्तुळं एकमेकांवर थोडी चढवावी लागतात. गणितवाले सांगतात, साधारण एकवीस टक्के जास्त लागतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू. म्हणजे झाली १ लाख १८ हजार वर्तुळं. आणि महाराष्ट्रात शाळा आहेत किती? सरकारी, खाजगी, अनुदानित, विनाअनुदानित मिळून १ लाख ८ हजारांच्या आसपास!

म्हणजे बघा, सह्याद्रीचे कडे, मेळघाटचं जंगल, उजनीचं पाणी, यातलं काहीही न वगळता राज्याच्या इंच न् इंच जमिनीपासून एक किलोमीटरवर शाळा हवी म्हटलं, तर जेवढ्या लागतील जवळजवळ तेवढ्या शाळा आपल्याकडे आहेतच. फक्त सारख्या पसरलेल्या नाहीत. हायस्कूलची पाच किलोमीटरची वर्तुळं घेतली तर ४,७०० मध्ये राज्य झाकून जातं, वाशीमसारखा पाचेक हजार चौरस किलोमीटरचा जिल्हा ७७ मध्ये. आणि माध्यमिक शाळा राज्यात पंचवीस हजारांच्या वर आहेत.

आता शेजारी अमेरिका ठेवा. तिचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या बत्तीसपट. तिथल्या सगळ्या सरकारी शाळा मिळून एक लाखालाही भरत नाहीत, ९८-९९ हजारांवर थांबतात. एकट्या महाराष्ट्रातल्या एकूण शाळा त्याहून जास्त! भारताचा आकडा काढला तर १४ लाख ७१ हजार. देशात टपाल कचेऱ्या साधारण १ लाख ६४ हजार आहेत. एका टपालकचेरीमागे नऊ शाळा पडल्या.

आता घर घेताना शाळा बघायची म्हणजे या सगळ्या शाळांची तुलना करायची. करा! महाराष्ट्रातली रोज एक शाळा बघायची ठरवली, रविवार न् दिवाळी न पाळता, तर २९६ वर्षं लागतील. आज संपवायची असतील तर सुरुवात १७२९ च्या सुमारास करायला हवी होती, पहिला बाजीराव छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात धावला त्या साली. बरं, नुसतं बघून तुलना होत नाही. ही बरी की ती बरी, अशा जोड्या लावायच्या. १ लाख ८ हजार शाळांच्या जोड्या होतात ५८३ कोटी. एका जोडीला एक सेकंद दिला आणि पापणी लवू दिली नाही, तर १८५ वर्षं. पोराच्या पोराच्या पोराच्या पोराला कदाचित निकाल कळेल.

अमेरिकेतल्या मराठी माणसाला ही कसरत करावी लागत नाही. त्याच्यासाठी रेष आधीच मारलेली असते. न्यू जर्सीतलं एडिसन घ्या, कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट किंवा कुपर्टिनो घ्या. घराचा पत्ता ज्या रेषेच्या आत, त्या रेषेची सरकारी शाळा. शाळा फुकट, पण रेष फुकट नाही. ग्रेटस्कूल्स नावाची संस्था प्रत्येक शाळेला एक ते दहात गुण देते. ती निघाली १९९८ साली, म्हणजे अकोल्यातून फुटून वाशीम जिल्हा झाला त्याच वर्षी. घरविक्रीच्या जाहिरातीत बेडरूम किती, बाथरूम किती आणि शाळेला दहापैकी किती, हे एका ओळीत येतं. नळाला पाणी किती वेळ येतं हे जसं आपण विचारतो, तसं तिकडे हे विचारतात.

रेषेची किंमत सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ साली मोजून दाखवली. मॅसॅच्युसेट्समधल्या हद्दींवरची घरं त्यांनी घेतली. वस्ती तीच, झाडं तीच, फक्त मधून शाळेची रेष गेलेली. शाळेच्या परीक्षेतले गुण पाच टक्के जास्त, तर घराची किंमत अडीच टक्के जास्त. एक कोटीच्या घरामागे अडीच लाख रुपये! घराला एक वीट जास्तीची नाही.

पण अडीच लाखांनी काय होतं? खरा दणका पुढं आहे. २०१६ साली बीजिंगच्या वेनचांग गल्लीत एक खोली विकली गेली. ११.४ चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडची दहा बाय बारा. पडकी, जुनाट, राहायला कुणी जाईल असं वाटू नये अशी. गल्ली मात्र नावाजलेल्या प्राथमिक शाळेच्या हद्दीतली. किंमत लागली ५३ लाख युआन. तेव्हाच्या भावानं सुमारे ५ कोटी ४० लाख रुपये. चौरस फुटाला चार लाख चाळीस हजार!

ही रक्कम एक रुपयाच्या नाण्यांत आणून देऊ म्हटलं तर? एका नाण्याचं वजन ३.७९ ग्रॅम, जाडी १.४५ मिलिमीटर. सगळं वजन झालं २०४ टन, दहा टनांचे वीस ट्रक आणि वर थोडं. आता ही नाणी त्याच खोलीत ठेवा. चवड करून, एकाला एक चिकटवून, अगदी काटेकोर रचली, तर जमिनीपासून साडेनऊ फूट उंच जातील. नुसती ओतली तर चौदा फूट. एवढी उंच ती खोलीच नव्हती. खोलीची किंमत खोलीत मावत नाही!

कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो घ्या, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शेजारचं. शाळांची ख्याती मोठी, घराचा मधला भाव तीस लाख डॉलरच्या पलीकडे. तिथं कंपन्या आहेत, पगार आहेत, हवा आहे, सगळी किंमत शाळेचीच नाही. पण यादीत शाळा वरच्या ओळीत असते. डॉलर ८५ रुपयांचा धरून तीस लाखांचे झाले साडेपंचवीस कोटी. ही नाणी कुठे ठेवायची? खोली नको, विहीर घ्या. आपल्या भागातली वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल, बांधलेली. तिच्यात पाणी मावतं साडेतीन लाख लिटर. पाणी उपसून रुपये ओतायला लागा. सव्वीस फुटांपर्यंत नाणी येतील. विहीर काठोकाठ भरायची तर ३९ कोटी लागतात. म्हणजे एका साध्या घराच्या पैशांत दोन तृतीयांश विहीर भरते, तीही घोट घेता येत नाही अशा ऐवजानं.

विहीर झाली, आता तिच्याभोवतीचं सोयाबीन. वाशीम म्हणजे सोयाबीनचा जिल्हा. एकरी आठ क्विंटल धरा. पाऊस कसा पडेल ते धरू नका. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. तो मिळाला असंही धरा, धरायला काय जातं! एकराचे झाले ४२,६२४ रुपये, खर्च वजा न करता. बीजिंगच्या दहा बाय बाराच्या खोलीसाठी लागतं १,२६७ एकरांचं पीक. म्हणजे केनवडच्या खांबापासून एक किलोमीटरची दोरी फिरवून जे ७७६ एकर आले, ते सगळे एका हंगामाला त्या खोलीत गेले, आणि वर त्याच्या निम्म्याहून जास्त उधार. पालो आल्टोच्या घराला लागतात ५,९८३ एकर. तीन किलोमीटरची दोरी आठवते? ६,९८७. सहावी ते आठवीच्या शाळेसाठी कायद्यानं आखलेल्या वर्तुळात एकही घर, रस्ता, नाला नाही असं समजून बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन पेरलं, काढलं, विकलं, तर तिकडं एक घर येतं. वर हजार एकरांचं पीक उरतं. तेवढं बियाण्याला, खताला आणि मजुरीलाही पुरायचं नाही.

तर ही रेषेची किंमत. आपल्याकडे रेष नाही, असं वाटतं ना? आहे. ज्यानं मुलासाठी खाजगी शाळेतल्या, शिक्षणहक्काच्या पंचवीस टक्के राखीव जागेचा ऑनलाइन अर्ज भरलाय त्याला विचारा. अर्जात नकाशा उघडतो. नकाशावर लाल फुगा असतो. तो बोटानं सरकवत सरकवत आपल्या घराच्या छपरावर नेऊन ठेवायचा. मोबाइलचा पडदा चार इंचांचा, बोट शेतकऱ्याचं, फुगा घसरून शेजारच्या गोठ्यावर. पुन्हा उचला. कारण फुगा जिथं टेकेल तिथून शाळेचं अंतर मोजलं जातं आणि आधी एक किलोमीटरच्या आतले, मग तीनच्या आतले, मग उरलेले, असा क्रम लागतो. भाड्याचं घर असेल तर करार नोंदणीचा हवा. बोटभर फुगा, पण त्यावर मुलाची आठ वर्षं टांगलेली.

दरसाल अशा जागा निघतात एक लाखाच्या वर, अर्ज येतात तीन लाखांच्या आसपास. तीन लाख पालक दोन-दोन फुटांवर एकामागे एक उभे करा. रांग होईल १८० किलोमीटर. मुंबईत पहिला माणूस उभा केला, तर दीडशे किलोमीटरवर पुणं भरून रांग सोलापूर रस्त्याला लागेल आणि शेवटचा उरुळी कांचनला उभा राहील. प्रवेश मिळणार तिघांतल्या एकाला.

याच एक किलोमीटरच्या दोरीनं २०२४ साली काय उलथापालथ केली असती ते बघा. ९ फेब्रुवारीला राज्यानं नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत जी खाजगी विनाअनुदानित शाळा असेल, तिनं पंचवीस टक्के जागा द्यायची गरज नाही. वाचायला किरकोळ. पण मघाचा हिशेब आठवा. एवढ्या शाळांच्या राज्यात एक किलोमीटरची वर्तुळं काढली की वस्तीचा कुठला भाग बाहेर उरतो? एका ओळीनं बहुतेक खाजगी शाळा सुटल्या असत्या. उच्च न्यायालयानं ६ मे रोजी बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो रद्दच केला.

आता केनवडचं एक घर घेऊ. खरं कुणाचं नाही, हिशेबापुरतं. पोरगी आठवीत चालली आहे. हायस्कूल पाच किलोमीटरवर आहे असं समजा, सरकारी दोरीच्या अगदी टोकाला. घरात चर्चा सुरू: वाशीमला नाहीतर अकोल्याला फ्लॅट घ्यायचा का? काका म्हणतात घ्या, आजी म्हणते वावर विकून भिंती कशाला घेता? दोघांचाही हिशेब करून टाकू.

पोरगी चालत गेली तर जाऊन-येऊन दहा किलोमीटर. शाळा वर्षाला २२० दिवस धरू. झाले २,२०० किलोमीटर. मुंबई-पुणे जवळजवळ पंधरा वेळा! बारावीपर्यंतची पाच वर्षं घेतली तर ११,००० किलोमीटर. पृथ्वीच्या पोटातून आरपार भोक पाडलं तर ते भरतं १२,७४२. म्हणजे बारावीचा निकाल लागतो तेव्हा पोरगी पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला डोकं काढायच्या बेतात आहे. ताशी चार किलोमीटरनं हे चालायला २,७५० तास लागतात. रात्र न् दिवस धरून ११५ दिवस. वर्गात चाळीस पोरं असतील तर वर्ग वर्षाला ८८ हजार किलोमीटर चालतो, पृथ्वीला दोन प्रदक्षिणा आणि वर थोडं.

आता फ्लॅट. तीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता २६ हजार. वीस वर्षांत भरायचे साडेबासष्ट लाख, म्हणजे फ्लॅट एक आणि व्याज एका फ्लॅटहून जास्त. पण गंमत पहिल्या पाच वर्षांत आहे, कारण शाळा तेवढीच. पाच वर्षांत हप्ते गेले १५ लाख ६२ हजार. त्यातले १२ लाख व्याजात. मुद्दल फिटलं साडेतीन लाख. पोरगी बारावी पास झाली, पेढे वाटले, आणि बँकेत अजून २६ लाख ४४ हजार देणं उभं आहे! कर्ज फिटेल तेव्हा ती तेहेतीस वर्षांची असेल आणि कदाचित तिच्या पोरासाठी शाळा शोधत असेल.

फ्लॅटची किंमत वाढते, तो भाड्यानं देता येतो, शहरात शिकवणी मिळते, हे सगळं कबूल. काकांचं अगदीच चूक नाही. पण नुसतं चालणं वाचवायचा भाव काढला तर? बारा लाख व्याज, ११ हजार किलोमीटर: किलोमीटरला ११० रुपये. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी वीस-एकवीस रुपयांत नेते. पोरीचा तास वाचवायला पडले ४३८ रुपये.

आणि हेच अंतर एस.टी. तिला फुकट नेते. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेपर्यंतचा पास मोफत आहे. शिवाय मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्या, ज्या खास शाळकरी मुलींसाठी निघाल्या: १२५ मागास तालुके, तालुक्याला सात, एकूण ८७५ गाड्या. गाडीनं दिवसाला शंभरच किलोमीटर केले असं धरलं तरी ८७,५०० होतात. रोज संध्याकाळी डेपोत शिरेपर्यंत या गाड्यांनी मिळून पृथ्वीला दोन फेऱ्या मारलेल्या असतात. दप्तरांसकट. फाट्यावर गाडीची वाट बघण्यात जो वेळ जातो तो या हिशेबात धरलेला नाही, धरला तर आकडा आजीच्याही विरोधात जायचा.

अजून एक पत्ता आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. जवाहर नवोदय विद्यालय. सरकारी, निवासी, सहावी ते बारावी, राहणं-जेवण-पुस्तकं धरून. १९८५-८६ मध्ये देशातली पहिली दोन प्रायोगिक नवोदय निघाली. एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरं इथंच शेजारी, अमरावतीला. आज ती साडेसहाशेच्या वर आहेत. सहावीला जागा ८०. आणि दोरी? जिल्ह्याएवढी! पोरगं पाचवीला त्याच जिल्ह्यात शिकत असलं पाहिजे, बस. २०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६०. एका जागेमागे पंधरा हजार माणसं. बाहत्तर बर्थच्या स्लीपर डब्यांत अख्खा जिल्हा बसवला, वीस डब्यांच्या गाड्या लावल्या, तर ८३१ गाड्या लागतील. त्यांतला एक डबा आणि वर आठ पोरं, एवढ्यांना नवोदय!

पण नियमाची पुढची ओळ फ्लॅटवाल्यांनी वाचावी. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. ऐंशीतल्या साठ. आणि ग्रामीण म्हणवून घ्यायचं तर तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत झालेली हवी. म्हणजे चांगल्या शाळेसाठी म्हणून पोरगं दुसरीतच उचलून शहरात नेलं, की या साठ जागांची रांग सुटली. बीजिंगला पाच कोटी मोजून पत्ता विकत घ्यावा लागतो. केनवडच्या पोराकडे तो जन्मापासून आहे, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवर. हे पुष्कळ पालकांच्या लक्षात येतं ते पाचवीचा अर्ज भरताना, म्हणजे गाडी सुटल्यावर.

गाड्यांचा विषय निघालाच आहे तर सगळ्या राज्याची पोरं बसवून घेऊ. महाराष्ट्रात शाळेत जाणारे विद्यार्थी २ कोटी १० लाखांच्या आसपास. गाडीत १,४४० बसले तर गाड्या लागल्या १४,५८३. आख्ख्या भारतात दिवसाला प्रवासी गाड्या धावतात तेरा हजारांच्या घरात! काश्मीर ते कन्याकुमारी सगळा देश त्या दिवशी फलाटावर उभा ठेवला, तरी आपली दीड हजार गाड्यांची पोरं उरतातच. एक गाडी अर्ध्या किलोमीटरला जरा कमी. एकामागे एक लावल्या तर सात हजार किलोमीटर. मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. त्यावर मावायच्या तर छत्तीस-सदतीस रूळमार्ग शेजारी शेजारी टाकावे लागतील, आणि खंडाळ्याच्या घाटात ते कसे बसवायचे ते अभियंत्यांनी बघावं.

एकीकडे ही गर्दी आणि दुसरीकडे २०२३ सालचा सरकारी आकडा: वीसहून कमी पटाच्या शाळा १४,७८३. त्यांत मुलं १,८५,४६७. शाळेमागे साडेबारा. या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्यात असा विचार तेव्हा पुढं आला, आणि खर्चाच्या वहीत तो शहाणपणाचाच दिसतो. पण दोरी घेऊन मोजा. समजा शाळा हलली आणि प्रत्येक मुलाला जाताना दोन, येताना दोन किलोमीटर वाढले. फार नाहीत, चारच. शाळेचे २०० दिवस. गुणाकार करा: १ लाख ८५ हजार ४६७ गुणिले चार गुणिले दोनशे. उत्तर येतं १४ कोटी ८३ लाख ७३ हजार ६०० किलोमीटर.

आणि पृथ्वीपासून सूर्य आहे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर!

साडेबारा साडेबारा पोरांच्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या शाळा. त्यांचं अंतर फक्त दोन किलोमीटर सरकवलं की ती लेकरं मिळून वर्षाला सूर्यापाशी जाऊन पोचतात. एवढं चालणं कुठल्याच अंदाजपत्रकात खर्ची पडत नाही, कारण ते पायांनी भरलं जातं.

मग काही न हलवता, आहे ते मोजलं तर? कायद्याची पहिली दोरी, एक किलोमीटर. राज्यातल्या प्रत्येक मुलाची शाळा बरोब्बर एवढ्या अंतरावर आहे असं समजा. जाऊन-येऊन दोन. २ कोटी १० लाख मुलं. दिवसाला ४ कोटी २० लाख किलोमीटर. चंद्र ३ लाख ८४ हजारांवर. एका दिवसात चंद्राच्या १०९ वाऱ्या! दोनशे दिवसांत ८४० कोटी किलोमीटर. सूर्यमालेतला शेवटचा ग्रह नेपच्यून साधारण ४५० कोटींवर. तिथं शिवून महाराष्ट्राची पोरं मार्चअखेर परतीच्या वाटेवर गुरूच्याही अलीकडे आलेली असतात.

आता देश घ्या. विद्यार्थी पावणेपंचवीस कोटी. त्याच दोन किलोमीटरनं दिवसाला साडेएकोणपन्नास कोटी किलोमीटर. एका दिवसात सूर्यापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा सूर्यापर्यंत जायचं, आणि तरीही साडेचार कोटी हातात उरतात. रोज!

माणसानं बनवलेली सगळ्यात लांब गेलेली वस्तू आहे व्हॉयेजर-१. अमेरिकेनं ती सोडली ५ सप्टेंबर १९७७ रोजी, योगायोग असा की आपल्या शिक्षकदिनीच. तेव्हापासून सेकंदाला सतरा किलोमीटरच्या वेगानं ती सुसाट चालली आहे, एक क्षण थांबलेली नाही, आणि एवढ्या वर्षांत अडीच हजार कोटी किलोमीटरवर पोचली आहे. अडीच हजार कोटी भागिले साडेएकोणपन्नास कोटी. पन्नास-एक्कावन्न.

वर्षं नव्हेत, शाळेचे दिवस! विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. तिथून पन्नास-एक्कावन्न दिवस मोजले की पोळा येतो. व्हॉयेजरनं जवळजवळ अर्ध्या शतकात जे अंतर कापलं, ते भारतातल्या पोरांनी, काहींनी बुटांत, काहींनी चपलांत, केनवडच्या पोरांनी पावसाळ्यात काळ्या मातीचे गोळे पायाला घेऊन, बैलांच्या शिंगांना रंग लागायच्या सुमाराला कापून टाकलेलं असतं. आणि सहामाही अजून व्हायचीच असते.